रांगेबाहेरची सोनोग्राफी

सोनलच्या मते मी तापट आहे. माझ्या मते मी स्पष्टवक्ता आहे. लग्नाला सात वर्षं झाली तरी या मुद्द्यावर आमच्या घरात एकमत झालेलं नाही. कुवेतमधल्या मीना अब्दुल्ला गावच्या रिफायनरीत मी उपकरणांची देखभाल बघतो आणि तिथे चिडायची वेळ आली तर मराठीत चिडतो. कुणाला कळत नाही आणि आपलं मन मोकळं होतं. द्वारकाताई माणगावकरांवर मात्र मी फोनवर जे तोंडसुख घेतलं ते त्यांना शब्दन्‌शब्द कळलं, कारण त्या देवगडकडच्या. आज त्यांच्याविषयी लिहायला बसलोय ते थोडंसं त्याची भरपाई म्हणून, आणि जास्त करून अशी बाई मला पुन्हा भेटेल असं वाटत नाही म्हणून.

द्वारकाताई खैतानमधल्या एका खासगी दवाखान्यात सोनोग्राफी करतात. वय बावन्न, उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र सहा फुटी. रत्नागिरीला एक्स-रे तंत्रज्ञाचा कोर्स करून त्या बावीस वर्षांपूर्वी कुवेतला आल्या आणि सोनोग्राफी इथेच शिकल्या. आपल्याकडे डॉक्टरशिवाय त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही असा कायदा आहे. इथे तपासणी तंत्रज्ञ करतात आणि डॉक्टर चित्रं पाहून रिपोर्टवर सही करतात. त्यामुळे ताईंच्या हातात जी कला आहे ती गावी परतल्यावर काही कामाची नाही, हे त्या हसत हसत सांगतात. "थंय जावन मी आंब्यांची सोनोग्राफी करतलंय," म्हणतात.

त्यांचे यजमान काशिनाथराव सुतारकाम करतात. ते ताईंच्याही आधी कंत्राटावर इथे आले आणि खैतानमध्येच एका खोलीत आठ जणांबरोबर अनेक वर्षं राहिले. आता दोघांची दोन खोल्यांची जागा आहे, मुलगी कोल्हापुरात नोकरी करते, आणि काशिनाथराव दर शुक्रवारी सकाळी मासळीबाजारात जाऊन सुरमई आणतात. ते फारसे बोलत नाहीत. घरात बोलायचं काम ताईंकडे असल्यामुळे त्यांना त्याची गरजही पडत नसावी.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे आमच्या आशयची बेंबी.

आशय इथेच जन्मला. नाळ पडली, सगळं रीतसर झालं, पण बेंबी काही कोरडी होईना. झबल्यावर पोटाच्या मधोमध रुपयाएवढा ओला डाग असायचा. बदललं की तासाभराने पुन्हा डाग. सोनलच्या आईने चिंचवडहून व्हिडिओ कॉलवर निदान केलं की बाळाला वारा लागलाय, आणि बेंबीभोवती हिंगाचा लेप लावायला सांगितला. हिंगाने घरात आमटीचा वास आला, बेंबी ओलीच राहिली. रुमैथियातल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बेंबीत डोकावून सांगितलं, नाळेचा इवलासा लाल कोंब आत राहून गेलाय, पुष्कळ बाळांना असतो. त्यांनी औषधाची एक काडी लावून तो जाळला. दहा दिवस कोरडं, मग पुन्हा ओलं. दुसऱ्यांदा काडी लावली, पुन्हा तेच. तेव्हा ते म्हणाले, एकदा पोटाची सोनोग्राफी करून घ्या, आत काही नाही ना एवढं बघू.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी आम्ही खैतानच्या त्या दवाखान्यात गेलो. आशय तेव्हा सहा महिन्यांचा होता. बसायला जागा नव्हती. पंधरा-सोळा माणसं आमच्या आधी, त्यांतली निम्मी कडेवर पोरं घेऊन. सोनलने आत शिरल्याबरोबर काय करावं, तर बाथरूम शोधलं. आशयला बेसिनवर धरून "शूऽऽऽ" केलं, त्यानेही आईचा मान राखला, आणि मग कोरडा डायपर बांधून ती विजयी मुद्रेने बाहेर आली. तपासताना डॉक्टरांच्या अंगावर धार गेली तर काय म्हणतील, ही तिची काळजी. यात तिला दोष देण्यात अर्थ नाही. आमच्या दोघांच्याही घरात उंबरठा ओलांडायचा तर आधी शू, असाच शिरस्ता होता. दहावीच्या परीक्षेला निघतानासुद्धा आईने मला विचारलं होतं.

काउंटरवर नाव सांगताना मी सोनलशी मराठीत काहीतरी बोललो आणि आतल्या दारातून तो सहा फुटी आवाज आला.

"कोण ता मराठी बोलता?"

द्वारकाताई बाहेर आल्या. "खंयचे तुमी?"

"चिंचवड," मी म्हणालो.

"म्हणजे घाटावरचे. चलता, चलता," असं म्हणून त्यांनी आशयच्या गालाला हात लावला आणि नर्सला हिंदीत सांगितलं, "ये बच्चे को पहले लूँगी." पंधरा-सोळा माणसं बसलेली राहिली आणि आम्ही आत गेलो. एका इजिप्शियन बाईंनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला कळली, पण मी कळलं नाही असं दाखवलं. परदेशात आपल्या माणसाचा वशिला लागला की जो आनंद होतो तो घरच्या दुधावरच्या सायीचा. मी तर आत जाता जाता छातीसुद्धा काढली असेल.

आत पाच-सात मिनिटांत काम झालं. ताई आशयच्या पोटावर मशीन फिरवत होत्या आणि तोंडाने देवगडच्या हापूसवर बोलत होत्या. पलीकडच्या खोलीत डॉक्टर अश्रफ बसतात, त्यांनी चित्रं पाहिली, सही केली. रिपोर्ट नॉर्मल.

तो रिपोर्ट मी प्लास्टिकच्या कव्हरात घालून फाइलला लावला. पुढे बेंबी ओली झाली की सोनल म्हणायची, "अहो, पुन्हा ओलं आहे." आणि मी फाइलकडे बोट दाखवायचो. मी उपकरणांचा माणूस आहे. रिफायनरीत मी रोज पोरांना सांगतो की मीटर एक सांगत असेल आणि डोळ्यांना दुसरं दिसत असेल तर आधी मीटर तपासा. घरात मात्र मी मीटरवर विश्वास ठेवून डोळे मिटले. जानेवारी गेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला आशय किरकिर करायला लागला. बेंबीखाली हात लावला की रडायचा. सोनल दोन दिवस म्हणत होती की जागा लाल दिसतेय. मी म्हणालो, डायपरचं इलॅस्टिक घासत असेल.

त्या शुक्रवारी दुपारी जेवणं झाली आणि फोन वाजला.

"विजयराव ना? मी द्वारका माणगावकर, खैतानच्या दवाखान्यातून. बाळाची बेंबी अजून ओली असते का?"

मी म्हणालो, "असते कधी कधी. पण रिपोर्ट नॉर्मल आहे."

"रिपोर्ट बरोबर नसेल," त्या म्हणाल्या. "तपासताना माझी चूक झाली. डॉक्टरांची नाही, माझी. पुन्हा एकदा घेऊन येता का?"

आता इथे शहाण्या माणसाने आभार मानले असते. मी पेटलो. तुम्ही लोक रिपोर्ट काय टाइमपास म्हणून देता का, दोन महिने आम्ही निर्धास्त बसलो ते कुणाच्या जिवावर, माझ्या मुलाला काही झालं तर मी तुमचा दवाखाना सोडणार नाही, लेखी तक्रार करीन, असं बरंच काही मी बोललो. खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती. दोन दिवसांची ती लाल जागा डोळ्यांपुढे आली होती, आणि त्या भीतीला ओरडण्याशिवाय दुसरी वाट मला सापडली नाही. ताईंनी मला बोलू दिलं.

मग म्हणाल्या, "बोलून झालं? आता बाळाजवळ जा आणि बघून सांगा, बेंबी लाल आहे का?"

सोनलने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "ताई, दोन दिवस लाल आहे. आज सकाळी थोडा पू पण आलाय. अंग कोमट आहे."

ताईंचं दवाखान्यातलं मराठी तिथेच संपलं. "मगे आजच येवा. चार वाजता उघडता. आणि आयक गो बाय, येताना त्येका शू करवू नको. अजिबात नको. पाजीत पाजीत घेवन ये."

चार वाजता आम्ही पोचलो. या वेळी आम्हांला आत घेतलं नाही. ताईंनी आम्हांला बाकावर शेवटी बसवलं आणि स्वतः शेजारी येऊन बसल्या. आशयने नुकतंच डायपर भरलं होतं, त्यामुळे मूत्राशय पुन्हा भरेपर्यंत थांबायचं होतं. तेवढ्या वेळात त्यांनी आपली चूक आम्हांला समजावून सांगितली, आणि ती इतकी साधी होती की मला भांडायलाही जागा उरली नाही.

पोटातलं बाळ असतं तेव्हा त्याच्या मूत्राशयापासून बेंबीपर्यंत एक बारीक नळी असते. जन्मापर्यंत ती मिटून तिची दोरी होते. तुमची माझी, सगळ्यांची होते. एखाद्याची नीट मिटत नाही. मग कधी बेंबीतून पाणी येतं, कधी मधेच एक पाण्याचा फुगा राहतो, आणि त्यात जंतू शिरले की पू होतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, नाळेचा कोंब आहे. सोनोग्राफीत ती नळी शोधायची तर मूत्राशय भरलेलं असलं पाहिजे, म्हणजे ते वर येतं आणि त्या पाण्याच्या आधाराने वरचं बारीकसारीक दिसतं. रिकामं असलं की ते हाडामागे दडी मारतं आणि आतड्यांतला वायू सगळं झाकून टाकतो.

"तुमच्या बाळाचं रिकामं होतं," ताई म्हणाल्या. "माका दिसलेला. मी खोटं नाय सांगणार. दिसलेला आणि मी म्हटलंय, जाऊ दे, बाहेर रांग आहे, पोर झोपेला आलंय."

"पण बाकीच्या मुलांचं भरलेलं कसं असतं?" सोनलने विचारलं. "तान्ह्या बाळांना काही कुणी धरून ठेवायला सांगत नाही."

"तीच तर गंमत. बाकीची पोरं तासभर रांगेत बसतात. आयशीच्या मांडीवर पितात, वेफर खातात, रडतात. नंबर येईपर्यंत आपोआप भरतं. तुम्ही शू करवून आणलंत, आणि मी तुम्हांला रांग मोडून आत घेतलं."

मी त्या दिवशी छाती काढून आत गेलो होतो ते मला आठवलं. त्या दिवशी आम्ही मुकाट्याने पंधरा-सोळा माणसांमागे बसलो असतो तर आशयचा आजार डिसेंबरातच सापडला असता. सोनलने माझ्याकडे बघितलंही नाही, ते तिचे उपकार.

ताईंना हे उमगलं ते महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला. कार्यक्रम आटोपला, वाणं वाटून झाली, बायका निघायला लागल्या. तिळगुळाची पुडी हातात घेऊन ताई चप्पल शोधत होत्या आणि समोर बाथरूमच्या दारात आयांची रांग लागली होती. प्रत्येकीच्या हातात एक पोर. "गाडीत बसायच्या आधी करून घे बघू." आतून शूऽऽ, बाहेर शूऽऽ. ताई म्हणाल्या, "मी थंयच उभी रवलंय. म्हटलंय, ही सगळी दवाखान्यात येतानाही हेच करतात की. आणि आपली माणसं म्हणून मी ह्यांनाच आधी आत घेते." दुसऱ्या दिवशी त्या जुनं रजिस्टर काढून बसल्या.

पाऊण तास झाला. सोनलने दोनदा पाजलं, मी चमच्याने पाणी पाजलं. आशय बाकावर उभा राहून नाचायला लागला तेव्हा आम्ही तिघंही त्याच्या डायपरकडे डोळे लावून बसलो होतो. त्याने एकदा अंगावर शहारा आणला. सोनल दोन्ही हातांनी तोंड दाबून बसली, कारण सवयीने ओठांचा चंबू होत होता. ताई उठल्या. "चला, आता भरला."

आत गेल्यावर त्या हापूसवर बोलल्या नाहीत, कशावरच बोलल्या नाहीत. जेल लावलं, मशीन टेकवलं, आणि बेंबीपासून खाली अगदी सावकाश येत राहिल्या. पडद्यावर मूत्राशयाचा काळा गोळा टम्म दिसत होता. त्याच्या वर, बेंबीच्या बाजूला, वाटाण्याहून थोडं मोठं काहीतरी होतं. आत गढूळ. त्यातून एक बारीक रेघ बेंबीकडे गेलेली.

"ह्यां बघा," ताई म्हणाल्या. आवाज अगदी लहान झाला होता.

त्यांनी डॉक्टर अश्रफना बोलावलं. ते आले, वाकून बघितलं, स्वतः मशीन हातात घेऊन पुन्हा बघितलं. मग सरळ उभे राहिले आणि आधी ताईंकडे, मग आमच्याकडे पाहिलं. "पहिल्या रिपोर्टवर सही माझी आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "मूत्राशय रिकामं आहे हे मलाही चित्रात दिसायला हवं होतं. नवा रिपोर्ट मी आत्ता लिहितो, आणि त्यात पहिला चुकल्याचंही लिहितो. तुम्ही इथून थेट हॉस्पिटलमध्ये जा." मी मनात तक्रारीचं जे पत्र तयार केलं होतं, त्यातला मजकूर त्यांनीच लिहून दिल्यासारखं झालं.

हॉस्पिटलमध्ये मुलांचे सर्जन डॉक्टर नबील होते. शांत माणूस, बोलताना आशयच्या पायाचा अंगठा धरून ठेवायचे. त्यांनी सांगितलं की आज कापाकापी करायची नाही. पू असताना नळी काढायला गेलं तर आजूबाजूचं सगळं सुजून चिकटलेलं असतं. आधी शिरेतून औषध देऊन जंतू मारायचे, सूज उतरू द्यायची, मग सहा आठवड्यांनी नळी मुळासकट काढायची.

"काढायलाच हवी का?" सोनलने विचारलं.

"ही जर गुपचूप पडून राहिली असती, काही त्रास देत नसती, तर इतक्या लहान वयात आम्ही वाट पाहिली असती," ते म्हणाले. "पुष्कळ बाळांची आपली आपण मिटते. पण हिने एकदा पू केलाय, पुन्हा करील. वेळेवर आलात. फुगा आत फुटला असता तर मला हे इतक्या आरामात सांगता आलं नसतं."

हे शेवटचं वाक्य ऐकून मी बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिलो. डोळे भरून आले होते आणि ते मला सोनलला दाखवायचे नव्हते. तिने अर्थातच पाहिले.

औषधाने तीन दिवसांत ताप उतरला. सहा आठवडे आम्ही बेंबीची राखण केली, हिंग बंद, तेल बंद, फक्त स्वच्छ आणि कोरडं. या काळात द्वारकाताई आमच्याकडे दोनदा येऊन गेल्या. दवाखान्याच्या दारावर लावायला त्यांना एक सूचना हवी होती, बाळाला तपासणीआधी शू करवू नये अशी. हिंदी, मल्याळम आणि अरबी त्यांनी करून घेतली होती. मराठी मजकूर त्यांनी मला मागितला. "तुमी पुण्याकडचे, पाट्या लिवूक तुमची जीभ तिखट," म्हणाल्या. मी लिहून दिलं: "बाळाला तपासणीआधी शू करवू नये, घरी नाही आणि इथेही नाही. तपासताना केलेली चालते. अंगावर उडाल्यास आम्ही रागावणार नाही." ताईंनी वाचून त्यात एक ओळ वाढवली: "ओळख दाखवून आधी आत जाता येणार नाही." ती पाटी आजही तिथे आहे.

ऑपरेशन मार्चअखेर झालं. सकाळी साडेसातला आशयला आत नेलं तेव्हा तो डॉक्टर नबीलच्या खिशातलं पेन ओढत होता. दोन तास लागतील असं सांगितलं होतं. पहिल्या अर्ध्या तासात मी पॅसेज चौदा वेळा मोजला. सोनल डोळे मिटून काहीतरी पुटपुटत बसली होती. आठच्या सुमारास ताई आल्या, ड्यूटीच्या आधी तासाभराची सवड काढून. त्यांनी "काही होणार नाही", "देवावर भरवसा ठेवा" असलं एक वाक्य म्हटलं नाही. डबा उघडला, त्यात घावणे आणि ओल्या नारळाची चटणी होती. माझ्या हातात एक घावणा दिला आणि म्हणाल्या, "बसून खावा. तुमी येरझाऱ्या घातल्यात म्हणून डॉक्टरचो हात लवकर चलाचो नाय." मी बसलो. खाल्लं. खरोखर भूक लागली होती.

साडेनऊला डॉक्टर नबील बाहेर आले. नळी, तो फुगा आणि मूत्राशयाच्या टोकाचा एक इवलासा तुकडा, सगळं एकसंध निघालं होतं. मूत्राशयाला विसावा म्हणून काही दिवस कॅथेटर राहील, एवढंच. काढलेला भाग तपासणीला गेला आणि त्याचा रिपोर्टही चांगला आला. पाच दिवसांनी आम्ही घरी आलो. जखम भरली. बेंबी आता इतर कुणाच्याही बेंबीसारखी आहे, त्यात बोट घालून खिदळण्यापलीकडे आशयला तिचा काही उपयोग नाही. सोनलच्या आईने कॉलवर बघून सांगितलं की हिंगाने जरा उशिरा गुण आला. आम्ही वाद घातला नाही.

एप्रिलमध्ये एका शुक्रवारी ताईंनी आम्हांला जेवायला बोलावलं. खैतानमधल्या त्यांच्या जागेत जेवणघरातलं टेबल काशिनाथरावांनी स्वतः बनवलेलं आहे, आणि ते इतकं भक्कम आहे की त्यावर माणूस झोपवून सोनोग्राफी करता येईल. सुरमईचं कालवण, तळलेल्या तुकड्या, सोलकढी, भात. आशय टेबलाखाली बसून काशिनाथरावांच्या पायाचे केस ओढत होता आणि ते निवांतपणे ओढू देत होते. पोट भरल्यावर मला शहाणपण सुचलं. मी म्हणालो, "ताई, त्या दिवशी फोनवर मी फार बोललो. माफ करा."

ताई काही बोलायच्या आत काशिनाथराव बोलले. त्या घरात मी त्यांचं ऐकलेलं हे पहिलंच लांब बोलणं.

"तुमी काय बोललात? काय नाय. तुमच्या आधीच्यांनी हिका बोलूचा काय बाकी ठेवलेला नाय."

"आधीच्यांनी?" मी विचारलं.

मग ते हळूहळू सगळं बाहेर आलं. हळदीकुंकवाच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी रजिस्टरातून वर्षभरातली नावं काढली होती. खालच्या पोटाची तपासणी झालेली, रांग मोडून आत घेतलेली मराठी मुलं. त्यांनी डॉक्टर अश्रफना चूक सांगितली आणि एकेकाला फोन करायला घेतला. चार घरांतली माणसं मुलांना घेऊन परत आली. चारही मुलं नॉर्मल निघाली. एका बापाने दवाखान्याच्या मालकांकडे लेखी तक्रार केली. एक बाई मंडळात ताईंना बघून तोंड फिरवते, अजून फिरवते. ताईंच्या नोकरीचा करार नव्याने व्हायचा महिना तोच होता. चौथं मूल नॉर्मल निघालं त्या दिवशी डॉक्टर अश्रफ म्हणाले, आता खलास, उगाच घाबरवू नका लोकांना.

"मी पण सांगलंय," काशिनाथराव म्हणाले. "पुरे कर म्हटलंय. चार जणांनी शिव्या घातल्यान, आता पाचव्याचो कित्याक ऐकतंस? ऐकात तर ती खयची." त्यांनी भाताचा घास घेतला. "तुमचो फोन पाचवो."

सोनलने हातातली वाटी खाली ठेवली. टेबलाखालून आशयचं हसू ऐकू येत होतं.

मी म्हणालो, "ताई, चौघांचं काही निघालं नाही. चौघांनी शिव्या दिल्या. डॉक्टर नको म्हणाले, हे नको म्हणाले. मग पाचवा फोन कशाला केलात?"

ताईंना प्रश्न कळला नसावा असं क्षणभर वाटलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक तुकडी वाढली.

"यादीत पाच नावां होती," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घालून जेवत राहिलो, कारण त्यांच्या जागी मी असतो तर पहिल्याच शिवीला ती यादी फाडून टाकली असती.